पी०१७१ आणि पी०३०४ एकत्र: ऑक्सिजन सेन्सर आणि प्लग बदलूनही कोड परत येतात

गतिरोधक

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, १.६ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही, इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपवर एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) आहे. १ लाख १२ हजार किमी झालेत. चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटतो, लुकलुकत नाही. आयडलला गाडी मिसिंग करते, हात-पाय थरथरतील इतकी. रस्त्यावर वेग घेतला की जवळजवळ नीट चालते.

कोड: पी०१७१ (बँक १ लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी०३०४ (चौथ्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तो नीट पेटत नाही).

पी०१७१ चा फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला गेला त्या क्षणाचे आकडे): कूलंट ८८ अंश, ७४० आरपीएम, वेग शून्य, शॉर्ट टर्म ट्रिम +९, लाँग टर्म ट्रिम +२१.

गरम इंजिनावर, एसी बंद ठेवून घेतलेला लाइव्ह डेटा:
आयडल: एमएएफ १.७ ग्रॅम प्रति सेकंद, दोन्ही ट्रिम मिळून +३०.
न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएम: एमएएफ ७.५, दोन्ही ट्रिम मिळून +७.

आतापर्यंत बदललेले: पुढचा ऑक्सिजन सेन्सर, चारही प्लग, एअर फिल्टर. चौथ्याची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहिली, तरी कोड पी०३०४ च राहिला. प्रत्येक वेळी कोड खोडला की दोन दिवसांत परत येतो. आता फ्यूएल पंप बदलावा असा सल्ला मिळतोय. बदलू का?

---

पानेवाला

पंपाला हात लावू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच बरंचसं उत्तर आहे, आणि ते पंपाकडे बोट दाखवत नाही.

लाँग टर्म ट्रिम म्हणजे ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) शिकून ठेवलेली पेट्रोलची टक्केवारीतली दुरुस्ती, शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची. दोन्हींची बेरीज पाहायची. निरोगी इंजिनात ती ±५ च्या आत असते, ±१० पर्यंत फार चिंता नाही. बेरीज +२५ च्या आसपास जाऊन टिकली की बहुतेक गाड्या पी०१७१ नोंदवतात. तुमची +३० आहे. ठरलेल्यापेक्षा ३० टक्के जास्त पेट्रोल सोडल्यावर कुठे ऑक्सिजन सेन्सरचं समाधान होतंय.

आता हिशेब करू. आयडलला एमएएफ सांगतो १.७ ग्रॅम हवा. पेट्रोल लागतंय १.३ पट, म्हणजे आत जाणारी हवा खरं तर १.७ × १.३ = २.२ ग्रॅम. अर्धा ग्रॅम हवा एमएएफला न दिसता कुठून तरी शिरते आहे. २५०० आरपीएमला मोजलेली हवा ७.५ ग्रॅम. तोच अर्धा ग्रॅम तिथे ०.५ ÷ ७.५ म्हणजे ७ टक्क्यांच्या जरा खाली. तुम्ही +७ लिहिलंय. गळतीचं भोक तेवढंच आहे, आयडलला एकूण हवा थोडी असते म्हणून तिथे त्याचा टक्का मोठा दिसतो.

दुसरी खूण एमएएफच्या आकड्यात आहे. गरम आयडलला दर लिटर क्षमतेमागे साधारण १ ते १.५ ग्रॅम प्रति सेकंद हा ढोबळ अंदाज धरतात. १.६ लिटरला १.७ म्हणजे खालच्या टोकाला. हवा मागच्या दाराने येत असल्यामुळे आरपीएम वर जाऊ नये म्हणून ईसीयूने थ्रॉटल आवळला आहे. थ्रॉटलची टक्केवारी पूर्वीची लिहून ठेवली असेल तर ताडून पाहा, आता कमी दिसायला हवी.

पंप किंवा फ्यूएल फिल्टर दमलेला असता तर चित्र उलटं दिसलं असतं. आयडलला इंधन लागतंच किती! दमलेला पंपही तेवढं पुरवतो. चढावर, पूर्ण थ्रॉटलला मागणी वाढते आणि ट्रिम तिथे चढतो. घाण झालेला एमएएफसुद्धा जास्त हवेला कमी मोजतो, म्हणजे त्याचा ट्रिमही भार वाढला की वाढतो. तुमचा उतरतो आहे.

आणि कोड खोडणं थांबवा. खोडलं की फ्रीझ फ्रेम जातो, शिकलेला ट्रिम शून्यावर येतो, रेडिनेसही (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्याची नोंद) पुसला जातो. हातातला पुरावा आपणच फेकून देतो. आधी सगळं लिहून घ्या, दुरुस्ती झाल्यावर एकदाच खोडा.

---

सॉकेट_दहा

पानेवाल्यांचा हिशेब पटतो, पण आणखी एक दोष अगदी असाच दिसतो आणि तो आधी बाद केला पाहिजे: ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टची गळती. आयडलला एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांच्या मध्ये दाब वातावरणापेक्षा खाली जातो, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर लीन सांगतो. प्रवाह वाढला की ओढणं कमी होतं. म्हणजे इथेही आयडलला ट्रिम जास्त, वर कमी.

ओळखायचं कसं? थंड इंजिन सुरू करून पहिली दोन मिनिटं एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी कान द्या, टिकटिक आवाज येतो आणि धातू तापला की बऱ्याचदा बंद होतो. सांध्यावर काळी काजळीची रेघ दिसते. शिवाय या दोषात लीनपणा खोटा असतो, इंजिनात पेट्रोल खरोखर जास्त जातं, म्हणून चारही प्लग काळपट निघतात.

मिसफायरमुळेही खोटं लीन दिसतं. न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच्या तसा बाहेर पडतो आणि सेन्सर त्यालाच जास्त हवा समजतो. तेव्हा आधी लीन की आधी मिसफायर, हे ठरवा. १५०० आरपीएमला धरा. मिसिंग पूर्ण थांबलं आणि ट्रिम तरीही +१० च्या वर राहिला, तर लीनपणा मूळचा आहे.

चौथ्याचा इंजेक्टर तुंबला असण्याची शक्यता कमी वाटते. एकच इंजेक्टर ३० टक्के कमी सोडत असेल तर चौघांच्या सरासरीत ७-८ टक्क्यांचा फरक पडतो, आणि तो आयडलला आणि २५०० ला साधारण सारखाच असतो.

---

मॅनिफोल्ड

माझा संशय चौथ्या रनरच्या (इनटेक मॅनिफोल्डमधून त्या सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळीच्या) तोंडावर. तिथे इनटेक गॅस्केट किंवा इंजेक्टरचा खालचा ओ-रिंग गळत असेल तर शिरलेली हवा मुख्यतः चौथ्यातच जाते. ऑक्सिजन सेन्सरला चौघांचा मिळून धूर दिसतो, म्हणून ईसीयू चौघांचंही पेट्रोल वाढवतो. परिणाम असा की पहिले तीन रिच (पेट्रोल जास्त) आणि चौथा लीन, इतका की आयडलला पेटतच नाही. दोन्ही कोड एकाच कारणाने.

प्लग काढून बघाच. माझा अंदाज बरोबर असेल तर तीन काळपट आणि चौथ्याचं चिनीमातीचं टोक पांढुरकं, कोरडं दिसेल. चौथा पेट्रोलने ओला निघाला तर मात्र इंधन आहे, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन नाही, मग दिशा बदला.

स्कॅनर मोड ०६ (गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांचे निकाल) वाचत असेल तर सिलिंडरवार मिसफायरची मोजणीही द्या.

गळती शोधायला मशीन नसेल तर स्कॅनरवर फक्त शॉर्ट टर्म ट्रिम आणि आरपीएम लावा. दोनच आकडे ठेवले की स्वस्त अडॅप्टरही भरभर ताजे आकडे देतो, दहा निवडले की प्रत्येक आकडा दोन-तीन सेकंद शिळा असतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला अडण. इंजिन गरम. मग इनटेक मॅनिफोल्डला जाणारी एकेक रबरी नळी गुळगुळीत जबड्याच्या पकडीने दाबायची आणि १० सेकंद ट्रिम बघायचा:

१. ब्रेक बूस्टरची नळी
२. पीसीव्हीची नळी (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये आणणारी)
३. पर्ज व्हॉल्व्हची नळी (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरकडून येणारी)

एखादी दाबताच शॉर्ट टर्म ट्रिम १५-२० ने कोसळला तर गळती त्या नळीच्या पलीकडे आहे. कडक प्लॅस्टिकची नळी दाबू नका, तडकते. ती मॅनिफोल्डपासून काढा आणि तोंडाला रबरी टोपी लावा. बूस्टरची नळी दाबलेली असताना ब्रेकला मदत मिळत नाही, म्हणून गाडी जागची हलता कामा नये.

पीसीव्हीचं एक वेगळं लक्षण: आयडलला तेलाचं झाकण उघडताना ते जोराने खेचलेलं वाटलं किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर पीसीव्हीचा पडदा फाटला आहे. हलकं ओढणं चालतं.

---

चाकोरी

एवढं कशाला? कार्ब क्लीनर मॅनिफोल्डभोवती फवारायचा, जिथे आरपीएम बदलेल तिथे गळती. पाच मिनिटांचं काम.

---

मॅनिफोल्ड

@चाकोरी, कृपया हा सल्ला कोणी पाळू नका. शेजारीच ५०० अंशांच्या वर तापू शकणारं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतं, कॉइलची ठिणगी असते, आणि तो फवारा पेट घेणारा असतो. बॉनेटखाली अशा आगी लागतात. शिवाय तो फवारा रबर आणि रंग खातो, आणि हवेत पसरून एअर फिल्टरमधून आत गेला तरी आरपीएम हलतो, म्हणजे उत्तरही चुकीचं मिळू शकतं.

साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो. पाणी क्षणभर फट बुजवतं, तेवढ्यात आवाज आणि ट्रिम बदलतो. धार मारायची नाही, धुकं उडवायचं. कॉइल, कनेक्टर आणि तापलेल्या एक्झॉस्टपासून दूर, एकेका रनरच्या सांध्यावर, दोन फवाऱ्यांमध्ये अर्धा मिनिट थांबून.

स्मोक मशीन मिळालं तर सर्वांत उत्तम. इंजिन बंद, एअर फिल्टरकडचं तोंड बंद, धूर अर्धा ते एक पीएसआय दाबानेच. जास्त दाब दिला तर सील उडतात. धूर थेट कॅनिस्टरच्या व्हेंटमधून आला तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय हे समजा, कारण वीज नसताना तो बंद असायला हवा.

---

गतिरोधक

सगळं क्रमाने केलं. नोंदी:

१५०० आरपीएमला मिसिंग नाही, ट्रिम +१३.
एक्झॉस्टवर काजळी नाही, थंड इंजिनावर टिकटिक नाही.
प्लग: १, २, ३ काळपट. ४ पांढुरका, कोरडा.
मोड ०६ मोजणी: ३, २, ५, ११८.
बूस्टर, पीसीव्ही, पर्ज या तिन्ही नळ्या दाबून ट्रिममध्ये काही फरक नाही. तेलाचं झाकण हलकंच ओढलं जातं.
पाण्याचं धुकं: १, २, ३ रनरवर काही नाही. चौथ्याच्या सांध्यावर, खालच्या बाजूने मारल्यावर थरथर थांबली आणि शॉर्ट टर्म +८ वरून −११ वर आला, ४-५ सेकंदांत पुन्हा वर. इंजेक्टरच्या बुडाशी मारलं तर काही नाही.

म्हणजे गॅस्केटच ना? मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा आहे. उतरवताना काय सांभाळू?

---

पानेवाला

हो, गॅस्केट. किंवा त्याच जागी मॅनिफोल्डची कड तडकली असेल, ते उतरवल्यावर कळेल. इतक्या स्वच्छ नोंदी दिल्यात की बाकी शंकेला जागा उरली नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. आधी फ्यूएल रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपमधला) दाब उतरवा: फ्यूएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, मग ३-४ सेकंद स्टार्टर मारा. त्यानंतर बॅटरीची ऋण बाजू सोडवा. इतकं करूनही रेलमध्ये थोडं पेट्रोल राहतं, जोड उघडताना खाली जाड फडकं धरा.

मॅनिफोल्डचे नट-बोल्ट टोकाकडून मध्याकडे, अर्धा-अर्धा फेरा सैल करत काढा. चौथ्याच्या खालचा बोल्ट हाताने ढिला लागतो का ते मुद्दाम बघा, हीच जागा वरून दिसत नाही आणि पूर्वीच्या कामात अर्धवट आवळलेली राहते. बहुतेक मॅनिफोल्डला खालून एक आधारपट्टी असते. तिचा बोल्ट विसरून मॅनिफोल्ड ओढला तर प्लॅस्टिक तुटतं.

मॅनिफोल्ड बाजूला झाला की लगेच चारही पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबा आणि ती मोजून ठेवा. पोर्टमध्ये पडलेला एक वॉशर अख्खं इंजिन उघडायला लावतो. हेडचा पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या खरवडणीने साफ करा. ड्रिलवरची घासणारी चकती अॅल्युमिनियमवर वापरू नका: तिचे बारीक कण पोर्टमधून सिलिंडरमध्ये आणि तेलातून बेअरिंगपर्यंत पोचतात.

मॅनिफोल्डच्या कडेवर सरळ पट्टी लांबीने आणि तिरकी ठेवून फीलर गेज घाला. ०.१ मिमीची पाती सहज सरकत असेल तर मॅन्युअलमधली मर्यादा तपासा. प्लॅस्टिक मॅनिफोल्ड वाकला की नवं गॅस्केटही काही महिन्यांत तेच करतं, आणि त्याला घासून सपाट करता येत नाही. चौथ्याच्या फ्लँजवर उजेड तिरका पाडून केसासारखी चीर शोधा.

नवं रबरी गॅस्केट खाचेत कोरडंच बसवा. सिलिकॉन लावू नका. ते रबराला खाचेत नीट बसू देत नाही आणि आत ओघळलेला तुकडा सुटून व्हॉल्व्हकडे जातो. इंजेक्टर निघाले असतील तर वरखालचे सगळे ओ-रिंग नवे घाला, बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा, ग्रीस नको.

आवळताना उलटा क्रम: मध्यापासून टोकांकडे, आधी सगळे हाताने टेकवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कच्या अर्ध्यावर, मग पूर्ण. इथे टॉर्क रेंच लागतोच. प्लॅस्टिकमध्ये धातूच्या बाह्या असतात, त्यामुळे जास्त आवळून गॅस्केट जास्त दाबलं जात नाही, फक्त बोल्ट किंवा हेडचे आटे जातात.

बॅटरी जोडल्यावर इंजिन लगेच सुरू करू नका. इग्निशन दोन-तीनदा चालू-बंद करून रेलमध्ये दाब भरा आणि टॉर्चने प्रत्येक इंजेक्टरपाशी पेट्रोलचा ओलावा आहे का ते पाहा.

---

रबरीमोहोर

मध्येच एक विचारतो. माझ्या गाडीत एमएएफ नाही, मॅनिफोल्डवर एमएपी सेन्सर आहे. हाच हिशेब लागू होतो का?

---

सॉकेट_दहा

नाही, दादा. हा फरक न कळल्यामुळे लोक चुकीच्या जागी आठवडे घालवतात.

एमएएफ हवा दारात मोजतो, म्हणून दारानंतर शिरलेली हवा त्याला दिसत नाही. एमएपी मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि त्यावरून ईसीयू हवा काढतो. गळतीने हवा आली की दाब वाढतो, ईसीयूला ती 'दिसते' आणि तो तेवढं पेट्रोलही देतो. ट्रिम शून्याजवळच राहतो. लक्षण वेगळं येतं: आयडल वर चढतो किंवा वरखाली झुलतो, थ्रॉटल किंवा आयडल व्हॉल्व्ह जवळजवळ बंद दिसतो, आणि गरम आयडलला एमएपी नेहमीच्या ३०-३५ किलोपास्कलऐवजी ४५-५० दाखवतो. एकाच रनरवरची गळती असेल तर त्या सिलिंडरचा मिसफायर मात्र एमएपीवाल्या गाडीतही येतो, कारण वाढीव पेट्रोल चौघांत सारखं वाटलं जातं आणि हवा एकालाच मिळते.

तेव्हा एमएपीवाल्या गाडीत पी०१७१ आला तर आधी इंधनाचा दाब, इंजेक्टर, एक्झॉस्टची गळती आणि एमएपीची स्वतःची खरी नोंद तपासा. शेवटचं सोपं आहे: इंजिन बंद, इग्निशन चालू असताना एमएपीने वातावरणाचा दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कलच्या आसपास. उंचावर दर १०० मीटरला साधारण एक किलोपास्कल कमी धरा.

---

गतिरोधक

काम झालं. गॅस्केट चौथ्याच्या खालच्या कोपऱ्यात चपटं आणि कडक झालेलं होतं, तिथला बोल्ट बोटांनी फिरत होता. मॅनिफोल्ड सपाट आहे, ०.०५ मिमीची पातीही जात नाही, चीर नाही. गॅस्केट, आठ ओ-रिंग नवे. प्लग साफ करून तेच बसवले.

कोड खोडून गरम आयडलला: एमएएफ २.२, शॉर्ट टर्म +१ ते +३, लाँग टर्म ०. २५०० ला एमएएफ ७.९, बेरीज +२. मिसिंग नाही. दिवा बंद. आता काम पूर्ण समजू का?

---

मॅनिफोल्ड

एमएएफ १.७ वरून २.२ वर गेला, म्हणजे चोरवाटेने येणारा तो अर्धा ग्रॅम आता दारातून मोजून येतोय. छान.

पण दिवा तुम्ही स्वतः खोडल्यामुळे बंद आहे, त्यावर अजून विश्वास ठेवू नका. लीन आणि मिसफायर हे दोन्ही दोष सहसा लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो. पहिल्या फेरीत फक्त पेंडिंग कोड बसतो, तो मोड ०७ मध्ये वाचता येतो. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करा, तीन-चार मिनिटं आयडलला ठेवा, मग ६०-८० च्या स्थिर वेगाने पंधरा मिनिटं, मध्ये दोन-तीनदा पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्या, शेवटी पुन्हा आयडल. असं तीन दिवस. रोज शेवटी पेंडिंग कोड आणि लाँग टर्म ट्रिम लिहा. ट्रिम शून्यापासून शिकायला सुरुवात झालीय, तो जिथे स्थिरावेल तो आकडा खरा.

रेडिनेसमध्ये मिसफायर आणि फ्यूएल सिस्टिम लगेच 'पूर्ण' दिसतील, त्या सतत चालणाऱ्या तपासण्या आहेत. कॅटॅलिस्टला (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या तपासणीला) वेळ लागेल. त्याच्यावर लक्ष ठेवा: मिसफायरमधलं न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि त्याला प्रमाणाबाहेर तापवतं. तुमचा दिवा लुकलुकत नव्हता ही जमेची बाजू, कारण लुकलुकणं म्हणजे कॅटॅलिस्ट जाळण्याइतका मिसफायर चालू आहे. तरी तपासणी पूर्ण झाल्यावर पी०४२० (कॅटॅलिस्टची क्षमता कमी) पेंडिंगमध्ये आला, तर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख इथे टाका. सपाट ०.६-०.७ व्होल्टला असेल तर ठीक. पुढच्या सेन्सरसारखा ०.१ ते ०.९ मध्ये नाचत असेल तर नवा धागा काढू.